फाईलचं नाव फार मोठं आहे

संगणक दुरुस्तीवाला दारात बूट चढवता चढवता म्हणाला, "दिवा जळतोय तोवर वायर अशीच धरून ठेवा. विझला की संपलं. मग मला बोलावू नका, माझ्याही हातात काही उरणार नाही." एवढं शुभ बोलून तो गेला. तेव्हा बारा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

मी टेबल आणि लोखंडी कपाट यांच्यामधल्या फटीत स्टुलावर बसले होते. पाठ कपाटाला, गुडघे टेबलाच्या पायाला, आणि उजवा हात संगणकाच्या खोक्याला वळसा घालून मागे भिंतीपर्यंत गेलेला. खोक्याच्या पुढच्या बाजूची वायरची भोकं केव्हाच मेली होती. मागचं एक तेवढं जिवंत होतं, तेही सैल. वायर खुपसून जरा वर उचलून धरली तरच बाहेरच्या डिस्कवरचा निळा दिवा लागायचा, बोट ढिलं पडलं की डोळा मिटायचा. चिकटपट्टी, कागदाची घडी, चहाचा चमचा, सगळं करून झालं होतं. डावा हात तिथे पोचत नव्हता. बाबांचे दोन्ही हात पोचत होते, पण त्यांना कंप आहे. राहिले मी.

संगणक पंधरा वर्षांचा. काल संध्याकाळी अचानक बंद पडला आणि आज सकाळी दुरुस्तीवाल्याने काय मंतरलं देव जाणे, पुन्हा सुरू झाला. पण त्याच्या पोटातून टक, टक असा आवाज येत होता. "आतली डिस्क शेवटच्या घटका मोजतेय," दुरुस्तीवाला म्हणाला. "एका दमात सगळं बाहेर काढा. मध्ये तुटलं तर ती परत वाचता येईल याची खात्री नाही. आणि दुसरं काहीही उघडायचं नाही, जीव जाईल तिचा."

बाबांचा सगळा जीव त्या डिस्कमध्ये होता. माझाही एक कागद होता. दोन दिवसांच्या प्रवासावरच्या एका शहरात जुन्या हस्तलिखितांचं संग्रहालय आहे. त्यांच्या दुरुस्ती विभागात मला नेमणूक मिळाली होती, आणि सही केलेला होकार त्यांना आज पाच वाजेपर्यंत पाठवायचा होता. पाच वाजून एक मिनिटाला ती जागा यादीतल्या पुढच्या माणसाची. पत्र तयार होतं, सही करून ग्रंथालयातल्या यंत्रावर उतरवून या संगणकात ठेवलेलं होतं. गेले तेरा दिवस मी ते पाठवत होते. म्हणजे रोज उघडत होते, वाचत होते आणि बंद करत होते. कारण बाबांना सांगितलेलं नव्हतं.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात फाटकी पुस्तकं सांधते. वय चव्वेचाळीस. आई गेल्याला साडेसात वर्षं झाली, धाकटा भाऊ परदेशात असतो आणि रविवारी फोनवरून सल्ले देतो. घरात बाबा आणि मी. सकाळी त्यांच्या शर्टाची वरची चार बटणं मी लावते, खालची दोन ते लावतात, आणि त्या दोन बटणांच्या वेळात माझा चहा होतो. अशा माणसाला "मी चालले" हे कसं सांगायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. ते नको म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. पण ते म्हणाले असते, "जा की," आणि असं म्हणाले असते की माझा पाय उंबऱ्याबाहेर पडला नसता.

"सुरू झालं," बाबा म्हणाले. ते पडद्यासमोर खुर्ची ओढून बसले होते, मांडीवर वही. "पहिली फाईल. 'आईच्या चष्म्याचा नंबर, डावा डोळा बदलल्यानंतरचा.' जावक!"

बाबा पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं रेकॉर्ड सांभाळत होते. आलेला कागद आवक, गेलेला कागद जावक, आणि या दोन्हींच्या मध्ये जे काही असतं त्याला लोक आयुष्य म्हणतात, असं त्यांचं मत. त्यांचा एक नियम खात्यात प्रसिद्ध होता आणि घरात सक्तीचा: नाव वाचल्यावर फाईल उघडावी लागता कामा नये. त्यामुळे आमच्याकडे साखरेच्या डब्यावर 'साखर' असं लिहिलेलं नाही, 'साखर, मुंग्या लागतात, झाकण घट्ट लावणे' असं लिहिलेलं आहे. संगणकात तर विचारूच नका. मीही त्यातच वाढले, मलाही दोन शब्दांत नाव ठेवता येत नाही. माझ्या होकाराच्या फाईलचं नाव होतं, 'संग्रहालयाला होकार कळवणारं सहीचं पत्र, बाबांना सांगून झाल्यावर पाठवायचं'. ती 'ताई' नावाच्या फोल्डरमध्ये होती. ताई म्हणजे मी. धाकटा ताई म्हणायचा म्हणून आईबाबाही ताईच म्हणायला लागले.

सकाळीसुद्धा नावावरून तमाशा झाला होता. दुरुस्तीवाल्याने बाहेरच्या डिस्कवर फोल्डर केला आणि त्याला नाव दिलं, 'बॅकअप'. बाबांनी चष्मा वर केला. "हे काय नाव झालं? कशाचा, कुणाचा, कधीचा?" मग त्यांनी स्वतः एका बोटाने, थरथरत, पाव तास लावून नवं नाव लिहिलं: 'आमच्या घरच्या संगणकातील सर्व कागदपत्रांची, मूळ संगणक नादुरुस्त झाल्यामुळे, सुरक्षिततेसाठी बाहेरील डिस्कवर काढलेली दुसरी प्रत'.

"काका, अहो हा फोल्डर आहे, निवेदन नाही," दुरुस्तीवाला म्हणाला.

"वाचणाऱ्याची सोय बघावी माणसाने," बाबा म्हणाले.

आता वाचणारे तेच होते आणि माझी चांगलीच सोय झाली होती. प्रत करताना प्रत्येक फाईलचं नाव पडद्यावर क्षणभर येतं, आणि मरायला टेकलेली डिस्क इतकी सावकाश चालत होती की क्षणभराचे चार-पाच सेकंद होत होते. बाबा प्रत्येक नाव मोठ्यांदा वाचत, "जावक!" म्हणत आणि वहीत वाकडीतिकडी खूण करत. आता 'ताई' फोल्डर येणार, त्यातल्या अर्जामागून अर्ज येणार, आणि माझं गुपित बाबा स्वतःच्या तोंडाने मला वाचून दाखवणार. मी मात्र या फटीत, हात भिंतीत घातलेली. उठून कुठे जाता येत नव्हतं, धड मान वळवता येत नव्हती.

"किती वेळ दाखवतंय?" मी विचारलं.

"तीन तास चाळीस मिनिटं." थोडं थांबून, "आता अकरा तास." आणखी थोडं थांबून, "आता दोन तास दहा. याला काही ठाम मतच नाही."

"तुम्ही जरा पडा ना बाबा. दीड वाजत आला. रोज पडता."

"आज नको."

"मी आहे ना लक्ष द्यायला."

"तुझं तोंड भिंतीकडे आहे."

ते खरं होतं.  बाबा दुपारी एक ते दोन झोपतात म्हणजे झोपतात, आई गेली त्या आठवड्यातसुद्धा त्यांनी ती झोप मोडली नव्हती. आज मात्र जागचे हलायला तयार नव्हते. मला वाटलं, तक्रारींची काळजी असेल.

तक्रारी म्हणजे नळाच्या. लोकांनी एकतीस वर्षांत खात्याला पाठवलेली तक्रारपत्रं. खात्याने एके दिवशी ती रद्दीत काढली, तेव्हा बाबांनी पोतीच्या पोती घरी आणली. निवृत्तीनंतर अकरा वर्षं ते एका बोटाने एकेक पत्र संगणकात उतरवत बसले. आई म्हणायची, "माझी तक्रार लेखी दिली तरच ऐकतील हे." पत्रं संपत आली तेव्हा बोटाला कंप सुरू झाला. पोती आम्ही टाकून दिली होती, कारण आता सगळं संगणकात होतं.

दोन वाजता तक्रारी सुरू झाल्या. बाबांचा आवाज खुलला.

"'तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही पण चौथ्या मजल्यावर चढते, याचा खुलासा व्हावा.' जावक! 'नळातून पाण्याऐवजी शिट्टी येते, ती तरी वेळेवर यावी.' जावक! ताई, हे ऐक. 'गेले तीन आठवडे आपण आम्हाला काही कळवले नाही आणि पाणीही सोडले नाही, यातले एक तरी करावे.' काय लिहायचे लोक!"

मला हसू आलं आणि त्याच वेळी खांद्यातून कळ गेली. हाताला मुंग्या येऊन गेल्या होत्या, आता बोटं माझी आहेत की वायरची ते कळत नव्हतं. दाराची घंटा वाजली. कुणी उठलं नाही. पुन्हा वाजली. "कोण असेल?" बाबा म्हणाले आणि पुढची तक्रार वाचू लागले. जो कोणी होता तो गेला. स्वयंपाकघरात माझा फोन दोनदा वाजला आणि थांबला. घड्याळ माझ्या बरोबर समोर भिंतीवर होतं, तेवढी एक गोष्ट मला नीट दिसत होती. तीन वाजले. तीन वीस. निळा दिवा जळत होता.

साडेतीनच्या सुमाराला बाबा वाचता वाचता अडखळले. "निकाली संपल्या," ते म्हणाले. "आता प्रलंबित." ज्या तक्रारींचा निकाल लागला त्या एका फोल्डरमध्ये होत्या, ज्यांना कुणी उत्तरच दिलं नाही त्या दुसऱ्या. या दुसऱ्या सव्वाचार हजार होत्या आणि बाबांचा त्यांच्यावर विशेष जीव होता. "उत्तर मिळालं की माणूस विसरतो," ते म्हणत. "उत्तर न मिळालेली पत्रं जपून ठेवायची."

"ताई," ते म्हणाले, "प्रलंबित वगळता येईल का गं?"

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"म्हणजे, वेळ वाचेल. त्यात काय आहे एवढं."

"बाबा, एक तक्रार राहू नये म्हणून मी तीन तास इथे लोणच्यासारखी मुरतेय. आणि आता थांबवलं तर पुढचं सगळंच जाईल. दुरुस्तीवाला काय म्हणाला ऐकलंत ना?"

"हो. ते खरं." ते पुन्हा वाचू लागले, पण आता हळू. मग मनातल्या मनात. "जावक" म्हणायचंही बंद झालं. मला फक्त टक, टक ऐकू येत होतं. मी घड्याळाकडे बघत मनात हिशोब करत होते, 'ताई' फोल्डर यायला किती वेळ आणि पाच वाजायला किती.

चार वाजायला दहा मिनिटं असताना टक, टक थांबलं. मी घाबरून दिव्याकडे पाहिलं. दिवा होता.

"काय झालं?"

बाबांनी वही मिटल्याचा आवाज आला.

"बाबा, काय आलंय पडद्यावर? वाचा ना."

"चौकट आलीय," ते म्हणाले. "फाईलचं नाव फार मोठं आहे म्हणते. जुन्या जागी मावत होतं, नव्या जागी मावत नाही. पुन्हा प्रयत्न करा, वगळा किंवा रद्द करा."

"कुठली फाईल?"

खुर्ची करकरली. दिवसभर पाण्याचा थेंब न पिता वाचणारा माणूस एक ओळ वाचायला तयार नव्हता. 'ताई' फोल्डर मध्येच कसा आला, हा विचारही मी केला नाही. मला एवढंच दिसलं की बाबांनी वाचलं. तेरा दिवस जे टाळलं ते होऊन गेलं, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघूसुद्धा शकत नव्हते.

"बाबा, मी सांगणारच होते," मी भिंतीला म्हटलं. एकदा तोंड उघडल्यावर मग थांबता येईना. "रोज सांगणार होते. संग्रहालयाने बोलावलंय मला. दुरुस्ती विभागात. मी या वर्षी पुन्हा अर्ज केला होता, तुम्हाला न सांगता. आज पाचपर्यंत होकार पाठवायचा आहे. मी अजून काही ठरवलेलं नाही. म्हणजे ठरवलंय, पण तुमच्या बटणांचं, औषधांचं, रात्री कूस बदलायचं, मला काही सुचत नव्हतं म्हणून मी बोलले नाही. लपवायचं म्हणून नाही हो. मला भीती वाटत होती."

बाबा अगदी बारीक आवाजात म्हणाले, "पुन्हा बोलावलं त्यांनी?"

"हो, आता या..." मी थांबले. "पुन्हा म्हणजे?"

नऊ वर्षांपूर्वी मी त्याच संग्रहालयाला अर्ज केला होता. स्वतः सांधलेलं एक पान नमुना म्हणून पाठवलं होतं. त्यांचं उत्तर आलं नव्हतं. हे बाबांना माहीत होतं, कारण दोन महिने रोज संध्याकाळी मी त्यांनाच विचारत होते, पोस्टमन आला होता का. आणि ते रोज सांगत होते, नाही.

मी मान वळवली. खांद्यातून काहीतरी तुटल्यासारखं झालं, पण वायर हलू दिली नाही. पडद्याचा कोपरा दिसला, चौकट दिसली. त्यात लिहिलं होतं:

'ताईला संग्रहालयाकडून आलेलं नेमणुकीचं पत्र, तिच्या आईचं ऑपरेशन त्याच आठवड्यात असल्यामुळे तिला दाखवलं नाही, नंतर दाखवू म्हणेपर्यंत मुदत संपली, मुदत संपल्यावर हिंमत झाली नाही, मूळ पत्र लोखंडी कपाटात तळच्या खणात हिरव्या फायलीत आहे'.

मी ते दोनदा वाचलं. नियमाप्रमाणे फाईल उघडायची काही गरज उरली नव्हती. मूळ पत्र माझ्या पाठीमागे होतं. साडेतीन तास मी त्या खणाला पाठ लावून बसले होते.

"फाडून का नाही टाकलंत?" मी विचारलं. का कोण जाणे, पहिला प्रश्न हाच आला.

"कागद फाडायचा नसतो," बाबा म्हणाले.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती मला त्या दिवशी कळली. "मला वाटलं माझं पान वाईट होतं," मी ओरडले. "नऊ वर्षं मी माझ्या हातांना नावं ठेवली, बाबा! खळ बदलून पाहिली, कागद बदलून पाहिले, रात्र रात्र वाटायचं की कुठे चुकलं असेल. आईला शेवटी शेवटी मी म्हटलं होतं की मला काही येत नाही. ती तशीच गेली, माझी समजूत घालत. आणि तुम्ही शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होतात!"

"हो," ते म्हणाले.

"आणि ठेवलंत कुठे, तर प्रलंबितमध्ये! नळाच्या तक्रारींत!"

"तू तिथे कधी बघितलं नसतंस."

नुसता अंगठा सैल केला असता तरी पुरलं असतं. उरलेल्या सगळ्या प्रलंबित तक्रारी, त्यांची अकरा वर्षं, एका बोटाने वेचलेली, माझ्या त्या बधिर अंगठ्यावर होती. मला सोडायची होती वायर. खरंच सोडायची होती. बाबांनाही ते कळलं असावं. "सोड हवी तर," ते म्हणाले. "मी काही म्हणणार नाही."

मी सोडली नाही. दुसऱ्याचा फाटका कागद हातात असला की मला हात सैल सोडता येत नाही, धंद्याची खोड आहे. "दाबा तिथे 'वगळा'," मी म्हटलं. "आणि पुढे जाऊ दे."

"वगळायचं नाही," बाबा म्हणाले. "ते गेलं पाहिजे. नाव छोटं करतो."

आणि आयुष्यात ज्यांनी एक नाव छोटं केलं नव्हतं ते बाबा कळफलकावर वाकले. त्यांचं बोट एका अक्षरावर जाता जाता शेजारच्या तीन अक्षरांना शिवून येत होतं. लिहायचं, चुकायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. माझ्यासमोर काटा पुढे सरकत होता. चार दहा झाले, चार वीस झाले. शेवटी त्यांनी बोट उचललं. मी मान वळवून पाहिलं. आधीच्या त्या लांबलचक वाक्यातलं ऑपरेशन गेलं होतं, आठवडा गेला होता, मुदत आणि हिंमतही गेली होती. उरलं होतं, 'ताईचं पत्र मी लपवलं'.

त्यांनी 'पुन्हा प्रयत्न' दाबलं. टक, टक सुरू झालं.

"जावक," बाबा म्हणाले, कुणाला ऐकू जाऊ नये असं.

चार पंचवीस. 'ताई' फोल्डर यायला प्रलंबितच्या चार हजार फायली बाकी होत्या. तोपर्यंत पाच वाजून जाणार हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

"कोरा कागद आहे," बाबा म्हणाले. "पेन आहे. पत्र हाताने लिही, सही कर, फोनवर फोटो काढ आणि पाठव. चालेल ना त्यांना?"

चालणार होतं. सकाळीसुद्धा चाललं असतं. कागद, पेन, फोन, सगळं घरातच होतं. मला अडवलं होतं ते संगणकाने नव्हे, वायरने तर नव्हेच, फक्त बाबांना एक वाक्य सांगायचं राहिलं होतं. आता ते सांगून झालं होतं, आणि माझा उजवा हात भिंतीत होता.

"मी धरतो," बाबा म्हणाले.

"तुम्ही?"

"घट्ट धरलं की कंप कमी होतो."

"बाबा, तुटलं तर उरलेलं सगळं जाईल."

"बटणांचंही ऐकून घे," ते उठत म्हणाले. "बिनबटणाचे सदरे मिळतात. मी मागेच चौकशी केलीय. चल, सरक."

फटीतून मी बाहेर येणं आणि ते आत जाणं हे एकाच वेळी करायचं होतं. ते गुडघ्यांवर बसले, माझ्या हातावरून त्यांचा हात पुढे नेला, आणि त्यांची बोटं माझ्या बोटांवर बसली. थरथरत होती. दिवा लुकलुकला, पुन्हा स्थिर झाला. मी एकेक बोट काढून घेतलं. त्यांनी दुसरा हातही आणला, खांदा खोक्याला टेकवला, कपाळ भिंतीला. "जा," ते म्हणाले. आणि मला ज्या 'जा की'ची भीती होती तसं नव्हे, कागद टपालात टाकायला सांगावा तसं म्हणाले.

मी फोन घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. उजव्या हाताची बोटं वायरच्याच आकारात वळली होती, पेन धरवेना. तारीख लिहिली ती पहिलीतल्या पोरासारखी. मग महोदय लिहिलं, मग नेमणुकीचा क्रमांक, आणि मग एक वाक्य, की मी येते आहे. दोनदा चुकलं, दोनदा नवा कागद घेतला. राग होताच, तो कागदावर उतरू नये म्हणून मी हळू लिहीत होते. सही केली. फोटो हलला, पुन्हा काढला. चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी पत्र गेलं. फोनने तसं सांगितलं.

"गेलं," मी म्हटलं.

"जावक!" संगणकाच्या टेबलामागून बाबांचा आवाज आला. दुपारच्यासारखा, खणखणीत.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की खोलीत दुसरा काही आवाज नाही. दिवसभराचं टक, टक नव्हतं. पडदा काळा होता. मी धावत जाऊन फटीत वाकले. बाबा तसेच बसले होते, दोन्ही हातांनी वायर वर उचलून धरलेली, कपाळ भिंतीला. निळा दिवा विझलेला होता.

"कधी विझला?"

"तू बसलीस तेव्हाच. तारीख लिहीत असशील."

"मग बोलला का नाहीत!"

"थांबली असतीस तू," बाबा म्हणाले. मग चेहरा न वळवता त्यांनी विचारलं, "आता सोडू का?"

"सोडा, बाबा."

पण त्यांची बोटं उघडेनात. मी फटीत शिरले आणि ती एकेक करून सोडवली.